मूळव्याध आहे म्हणून सांगितलं

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

सात वेळा! सकाळी साडेनऊच्या आत सात वेळा. आठव्यांदा उठले तर क्रांती टॉवेल घेऊन दारातच उभी. "आई, मी आंघोळ करू का नको?" बारावीची परीक्षा आठवड्यावर आलेली पोरगी, आणि तिला स्वतःच्या घरात नंबर लावावा लागतो. लाज वाटली. मग चिडलेच. मी काय हौसेनं जातेय?

दोन गोळ्या, दही-भात, की निघाले. कुष्ठरोगाचा सर्व्हे चालू आहे, रोज पंचवीस घरं. आशा म्हणून माझ्याकडं कसबा बावड्यातल्या चार गल्ल्या, मागचे मळे आणि कारखान्याच्या रस्त्याला झालेल्या नव्या बिल्डिंगी. पिशवीत वर रजिस्टर, मधे बीपीचं मशीन, तळाला वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक परकर. तळातलं कुणाला माहीत नाही.

गंमत बघ. मागं घरोघरी संडास आहे का नाही त्याचा सर्व्हे झाला, तो या भागात मीच केला. कुणाचा आत, कुणाचा बाहेर, कुणाचा नुसता कागदावर, सगळं पाठ! आणि आज त्यातल्या एका दारात मला म्हणता येत नाही, "वहिनी, जरा जाऊन येऊ का?" एकदा म्हणेन, दोनदा म्हणेन. तिसऱ्यांदा गल्लीभर होईल, आशालाच जुलाब लागलेत. मग बाळंतिणीला हात लावू देतील? आणि दुसरंही आहे. या गल्लीत दोन-तीन घरं अशी आहेत, तिथं माझा चहाचा कप अजून वेगळा असतो. तिथं संडास मागायचा?

दोन वर्षं झाली नाव कळून. अल्सरेटिव्ह कोलायटिस. मोठ्या आतड्याला आतून जखमा. रक्त पडतं, कळ येते, आणि आली की हातात दोन मिनिटं असतात. नवरा आणि सासूबाई सोडून कुणाला सांगितलेलं नाही. क्रांतीला एवढंच, की आईचं पोट नाजूक आहे.

४ फेब्रुवारी, मंगळवार

पाच वेळा. पंचवीस घरं पुरी केली. दुपारी दोनपर्यंत पाण्याचा घोट घेतला नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज रस्त्यात होणार होतं.

कारखान्याच्या मागच्या अंगाला मळ्याच्या वाटेवर होते. दोन्हीकडं ऊस तुटून गेलेला, उघडं रान. आडोसा म्हणून नाही! कळ आली. पाय जोडून उभी राहिले. घाम सुटला. समोर झुंबरबाईंचं घर. सत्तरीच्या आहेत, गोठ्यात दोन म्हशी, मुलगा अमरसिंह आणि सून स्वप्नाली. कप वेगळा नाही त्या घरात, पण बोलणं असं की माणूस लांबूनच जातंय.

त्या शेण काढत होत्या. "काय गं आशाबाई, अशी का उभा ऱ्हायलीस खांबागत?" माझं नाव संघप्रिया, ते त्यांना जड जातं. सगळ्या आशांना त्या आशाबाईच म्हणतात. तोंड उघडलं असतं तर रडले असते. त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं, पाटी खाली ठेवली आणि हात केला. गोठ्यामागं पत्र्याच्या दाराचा संडास. "जा. बादली भरल्याली हाय."

बाहेर आले तर पायरीवर एक थेंब पडलेला. मी पायानं पुसायला लागले, तोवर त्यांनी बघितलं होतं.

"काय हाय गं ह्ये?"

"मूळव्याध आहे, मावशी."

तोंडातून निघून गेलं. विचार करून नव्हे. पण आता वाटतंय, बरंच झालं. मूळव्याध म्हटलं की माणसं गालात हसतात आणि सोडून देतात. प्रत्येकाच्या घरात एकाला असतेच. कोलायटिस म्हटलं तर बसवून घेतात, लागतं का, पसरतं का, कॅन्सर तर न्हवं, आणि उद्या सगळ्या बावड्याला ठाऊक.

झुंबरबाई हसल्या नाहीत, सोडूनही दिलं नाही. "जळ्ळं मेलं दुखणं," म्हणाल्या. मग चहा टाकला.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

नवऱ्याला, प्रसेनजीतला, सांगितलं. तो म्हणाला, "तुझ्या अनुजा मॅडमला सांग की एकदा खरं." अनुजा मॅडम आमच्या गटप्रवर्तक, सगळ्या आशांच्या वर. सांग की! फौंड्रीत दिवसभर भट्टीपुढं उभा राहणाऱ्या माणसाला सगळं सरळ दिसतं. मॅडम वाईट नाहीत, पण त्या म्हणतील, होत नसेल तर घरी बसा. आणि घरी बसून मी काय करू, संडासाचं दार बघू? आशा हे एकच काम मी माझ्या पायावर मिळवलंय.

त्यानं ताक आणलं येताना. भांडण तिथंच संपलं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

डॉक्टरांकडं गेलते. विचारलं, "बरं कधी होईल?" दर वेळी विचारते, दर वेळी तेच उत्तर. "हा बरा होत नाही ताई, शांत होतो. आपण त्याला शांत ठेवायचं. तुम्हीही शांत राहा. टेन्शन घेऊ नका."

शांत राहा म्हणे! त्यांना एकदा माझ्यासोबत पंचवीस घरं फिरवलं पाहिजे.

सासूबाईंचंही तेच. त्या सकाळ-संध्याकाळ विहारात बसतात, त्यांचं खरंच मन स्थिर आहे, मला हेवा वाटतो. "डोळे मीट, श्वास बघ. आला, गेला. आला, गेला." बसले बाई त्यांच्याशेजारी. श्वास आला. श्वास गेला. तिसऱ्या श्वासाला पोट म्हणालं, इकडं बघ! उठून पळाले. मागनं त्यांचा आवाज, "परत येऊन बस गं." नाही गेले परत.

२२ फेब्रुवारी, शनिवार

सर्व्हे संपला. पण मी रोजची फेरी बदलून टाकली. आधी गल्ल्या, मग बिल्डिंगी, आणि अकरा वाजता बरोब्बर मळ्यात. अकराला एक कळ येतेच येते. ती झुंबरबाईंच्या मागच्या परड्यात यावी अशी सोय केली. रोज जाते. त्याही काही विचारत नाहीत. बादली भरलेली असते. दाराची कडी मोडलीय, सुंभ गुंडाळायचा खिळ्याला.

११ मार्च, मंगळवार

आज स्वतःशी खरं बोलायचं ठरवलं.

झुंबरबाईंच्या घरात आत फरशी बसवलेला संडास आहे. सर्व्हेला मीच लिहिलाय. मला मात्र बाहेरचा दाखवला. गड्यांचा, ऊसतोडीला येणाऱ्यांचा. पहिल्या दिवशी ते मनात आलं नाही, पोटापुढं कुठला मान न् कुठला अपमान. पण महिनाभर आतल्या आत खुपत होतं. माझ्या आईनं या लोकांच्या परड्यातच आयुष्य काढलं, घराच्या आत कधी पाऊल नाही टाकलं. मी रजिस्टर घेऊन पुढच्या दारानं येते आणि मागं जाऊन बसते! काय फरक पडला?

आज विचारलंच. जरा टोचूनच विचारलं. "मावशी, आतला बंद आहे का?"

त्यांना कळलं, मी काय विचारतेय ते. तशा अडाणी, पण अडाणी नाहीत. "आतला स्वप्नालीचा गं. मी बी हितंच येतो. दोन म्हैनं झालं, आत जातच न्हाय. तुला पायजे तर जा की आत, कोण नगं म्हणतंय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नको म्हटलं. आत जाऊन करू काय, मला तो सुंभच बरा.

१२ मार्च, बुधवार

तीन वेळाच! बऱ्याच दिवसांनी.

१९ मार्च, बुधवार

लिहून ठेवते, नाहीतर विसरेन की असंही असतं.

अकरा वाजता संडासातून आले की मी गोठ्याच्या कट्ट्यावर दहा मिनिटं बसते. म्हशी रवंथ करत असतात. कारखान्याच्या मळीचा वास येतो, त्याचीही आता सवय झाली. झुंबरबाई शेंगा फोडत असतात किंवा नुसत्याच बसलेल्या. मी रजिस्टर उघडत नाही. फोन पिशवीत. पोट गप असतं. त्या दहा मिनिटांत मला आजार नसतो. डॉक्टर म्हणतात ते हेच असेल का? सासूबाई सांगतात तेही हेच? त्यांना मांडी घालून मिळतं, मला म्हशींजवळ मिळालं. असू दे.

आज झुंबरबाईंनी एकेक विचारलं. दुखतं का, किती दिवस झाले, रक्त लाल का काळं, औषध काय घेतीस. इतक्या आस्थेनं कुणी विचारलेलं नाही मला, नवऱ्यानंसुद्धा. मीही सांगत सुटले. तिखट सोडलंय, गार खाते, ताक पिते. आणि मुख्य म्हणजे घाबरायचं नाही, मावशी. घाबरलं की वाढतं. म्हणजे डॉक्टरांचंच मी त्यांना ऐकवलं.

"तुझी कमाल हाय बाई," म्हणाल्या. "रगात जातंय तरी हसतीयास, बावडाभर फिरतीयास. मान्सानं असंच ऱ्हावं."

घरी येईपर्यंत तेच वाक्य कानात. मी एवढी धीराची दिसते?

२ एप्रिल, बुधवार

झुंबरबाईंनी चटणी सोडली! वर्षाची चटणी कांडून आणायचे दिवस, अमरसिंह दोन पाट्या मिरच्या घेऊन आला, आणि म्हातारी म्हणते, मला नको. स्वप्नाली माझ्यावरच घसरली. "तुमीच काय तर डोक्यात घातलं बगा त्यांच्या. तिखटाशिवाय घास उतरायचा न्हाय त्यांना, आता ताक-भात खात्यात." झुंबरबाई म्हणाल्या, "मलाबी बाधतंय हल्ली. ह्या आशाबाईला सोबत."

कोल्हापुरात राहून दोघी बायका ताक-भात खातोय. हसू आलं. आणि बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू.

९ एप्रिल, बुधवार

परत सुरू झालं. नऊ.

१० एप्रिल, गुरुवार

अकरा. ताप पण.

१२ एप्रिल, शनिवार

डॉक्टरांनी स्टेरॉईड सुरू केलं. रोज आठ गोळ्या, दर आठवड्याला एक कमी करत यायची. विचारलं, माझं काय चुकलं? औषध चुकवलं नाही, तिखटाचं बोट चाटलं नाही, शांत राहिले. ते म्हणाले, "तुमचं काही चुकलं नाही. हा आजारच असा आहे."

हे जास्त वाईट. चुकलं असतं तर दुरुस्त केलं असतं. आता काय करू?

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. पहाटेपासून गल्लीत निळे झेंडे, स्पीकर, पोरांची धावपळ. लग्न झाल्यापासून एक वर्ष चुकवलं नव्हतं. पांढरी साडी काढून कॉटवर ठेवली, इस्त्री केलेली. तिच्याकडं बघत बसले. पांढरी! अर्ध्या मिरवणुकीत कळ आली तर? डाग पडला तर? सगळ्या बायकांच्या ओळीत मधोमध?

क्रांतीला म्हटलं, तू नेस. ती नेसली, पिना लावायला माझ्यापुढं उभी राहिली. माझ्यापेक्षा उंच झालीय. "तू?" "मी वरनं बघते." तिनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "आई, मला माहिताय. तुझी फाईल वाचलीय मी." एवढंच बोलून खाली गेली. पोरीला कधीपासून ठाऊक आहे कोण जाणे!

गच्चीवर उभी राहिले. मिरवणूक दारावरनं गेली. प्रसेनजीतनं मान वर करून हात केला. मी पण केला. मग आत जाऊन संडासात बसले आणि रडले. बाहेर एवढा आवाज होता की मोठ्यानं रडता आलं.

२९ एप्रिल, मंगळवार

पंधरा-वीस दिवसांनी फेरी. तोंड सुजलंय गोळ्यांनी, गाल वर आलेत. आणि लोकांनी काय म्हणावं? "संघप्रिया, मानवलं गं तुला! गुबगुबीत झालीस!" तिसऱ्या घरात मी पण म्हटलं, होय, सुट्टी मानवली.

झुंबरबाईंकडं गेले. त्या वाळल्यात. पोलकं खांद्यावरनं उतरतंय. उन्हाचा कडाका, शिवाय तिखट नाही म्हणून जेवण जात नसेल. म्हटलं, मावशी, दूध तरी प्या घरचं. "पितो की." बादली मात्र भरलेली होती. मी आले नाही त्या दिवसांतही रोज भरून ठेवायच्या, स्वप्नालीनं सांगितलं.

१२ मे, सोमवार

बुद्धपौर्णिमा. सासूबाईंसोबत विहारात गेले, मागच्या दाराजवळ बसले. वीस मिनिटं बसले! पोट कुरकुरलं, पण थांबलं. खीर दोन चमचे. सासूबाई येताना माझा हात धरून चालल्या. त्यांना गुडघ्यामुळं धरावा लागतो का माझ्यासाठी धरला, माहीत नाही.

२३ मे, शुक्रवार

दोन. काल पण दोन होते. गोळ्या आता तीनवर आल्या.

२६ मे, सोमवार

मीटिंगला अनुजा मॅडम तडकल्या. तिशीच्या वरच्यांचे तपासणीचे फॉर्म अर्ध्या आशांनी घरी बसून भरलेत, सगळीकडं नाही-नाही-नाही अशा खुणा. "बायांनो, समोर बसून विचारा. एकेक प्रश्न. नाहीतर फॉर्म परत देईन." मी मान खाली घातली. माझेही तसलेच. ओळखीच्या माणसांना काय विचारायचं, रोजच तर दिसतात. झुंबरबाईंचा मी मार्चमध्येच भरला होता, त्यांच्याच कट्ट्यावर बसून, त्यांना न विचारता.

मीटिंग संपल्यावर मॅडमजवळ थांबले. सांगून टाकलं सगळं. कोलायटिस, दोन वर्षं, पिशवीतला परकर. कसं सांगितलं मलाच कळलं नाही. क्रांतीचं ते वाक्य ऐकल्यापासून झाकण सैल झालं होतं बहुतेक. मॅडम म्हणाल्या, "अगं वेडे, दोन वर्षं? मळे दुसरीला देते, तुला आरोग्य केंद्राजवळची गल्ली घे. इथला संडास आहे, किल्ली तुझ्याकडं ठेव." घरी बसा म्हणाल्या नाहीत. एवढ्यासाठी मी दोन वर्षं तहानलेली फिरले!

पण मळे सोडवेनात. म्हटलं, जूनपर्यंत माझ्याकडंच राहू देत. ती दहा मिनिटं मला हवीत.

१ जून, रविवार

एक वेळ! एकच! डॉक्टर म्हणतील, शांत झालाय. उद्यापासून फॉर्म, या खेपेला विचारून.

५ जून, गुरुवार

झुंबरबाईंचा फॉर्म. समोर बसून, एकेक प्रश्न. वजन कमी झालंय का, मावशी? हसल्या. "झालंय की. लुगडं ठरंना." थकवा? "हाय." मग कागदावर नसलेलं विचारलं. रक्त कुठून जातं का? "जातंय की. दिवाळीपास्नं. तुझ्यावानीच, मूळव्याध." माझा हात धरून पोटाच्या डाव्या अंगाला नेला. "हितं गाठ बी लागती." लागली. लिंबाएवढी, कडक.

म्हटलं, मावशी, कुणाला बोलला का नाहीत?

"भ्यालो हुतो गं पयल्यांदा. अमरला सांगणारच हुतो. मग तू आलीस. तुला बी तसंच, आणि तू तर आशाबाई, दवाखान्यातली. तू कशी निवांत बसतीस हितं, त्ये बघून म्या बी निवांत ऱ्हायलो."

मला मूळव्याध नाही, हे मी त्यांना आज सांगितलं.